पाण्याची हमी, दगडाची नाही

मोडलेला कोयता घेऊन कोणी पालावर आला, की जाणता घिसाडी आधी माणसाकडे बघत नाही. तो तुटलेली कड उजेडाकडे धरतो. कड सगळी पांढरी, ताजी असेल, तर पाते एकाच घावात तुटले; दगड लागला असेल, नाहीतर कोणी त्याची पहार केली असेल. पण त्या पांढऱ्यात धारेकडून आत शिरलेला काळपट पट्टा दिसला, तर गोष्ट वेगळी. ती चीर पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते विझवताना, गेलेली. त्यानंतर पाते पुन्हा शेकले, तेव्हा चिरेच्या आतली कडही काळवंडली. वरून काही दिसत नव्हते, महिनाभर कोयता चाललाही असेल, पण मोडायचा होता तो तिथूनच. पहिल्या प्रकारात नुकसान गिऱ्हाइकाचे, दुसऱ्यात घडवणाऱ्याचे. कार्ड नाही, बिल नाही, शिक्का नाही. हातघडणीच्या हत्याराची हमी त्या बोटभर कडेवर वाचावी लागते.

हे वाचन सगळ्यात जास्त कामाला येते ते ऊसतोडीच्या कोयत्यासाठी. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, धाराशिव, जालना भागातली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर ठरते आणि ती फिटते टनावर. ज्या हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, त्याची धार दिवसभर टिकते की नाही हा हौसेचा प्रश्न उरत नाही. बोथट कोयत्याने तोच ऊस तोडायला दोन घाव जास्त लागतात, आणि ते खांद्यात जाऊन बसतात.

कोयत्याची झीज कशी होते हे कळायला उसाच्या बुडाशी वाकून बघावे. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. वर ठेवलेली दोन बोटे म्हणजे कारखान्याचे आणि शेतकऱ्याचे नुकसान; शिवाय बुडखा उंच राहिला तर खोडवा नीट फुटत नाही. म्हणून प्रत्येक घाव मातीला चाटून जातो. काळ्या रानात ओलसर माती लागते, मुरमाड रानात गारगोटी. वाळूचा कण पोलादाहून कठीण असतो. तो धारेचा चुरा करत नाही, पण रोज थोडी खरवडून नेतो. त्यातच उसाच्या पाचटात आणि सालीतही सिलिकाचा अंश असतो. म्हणजे ज्याला आपण कापणे म्हणतो, ते कोयत्याच्या बाजूने बघितले तर दिवसभर घासणे आहे. तोडणारा कमरेला नाहीतर टोपल्यात कानस ठेवतो, मोळी बांधून झाली की चार हात मारतो आणि पुन्हा वाकतो. कानशीच्या प्रत्येक हातासरशी पात्याची रुंदी केसभर कमी होते. ही झीज कोणी भरून देत नाही, आणि मागूही नये. नवा कोयता आणि दोन हंगाम वापरलेला कोयता शेजारी ठेवले, तर जुना अंगाने निम्मा उतरलेला दिसतो आणि धार मात्र त्याचीच चांगली असते. हातघडणीच्या पात्याविषयी पहिली अपेक्षा ही ठेवावी, की ते वापरात संपणार आहे.

घडवणाऱ्याच्या पदरी काय येते, ते भट्टीपाशी कळते. कोयता बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचा असतो. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान. एवढ्यावर पाणी चढते. इमारतीच्या सळईत तो फार कमी असतो, तिला कितीही पाणी पाजा, धार वळतेच. पाटा तोडून, तापवून, घणाखाली ओढून पाते तयार होते. घिसाड्यांच्या पालावर घण बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो. नवरा सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्याने जागा दाखवतो आणि ती नेमक्या त्याच जागी घण टाकते. रस्त्यावरून जाणारे या घणाचे कौतुक करतात. पण कोयत्याचे नशीब ठरते ते त्यानंतरच्या दोन-चार मिनिटांत, आणि ते कोणी बघत नाही.

पाते पुन्हा तापवायचे, साधारण ८०० ते ८५० अंशांपर्यंत. मोजायला डोळा सोडून काही नाही, म्हणून जाणता माणूस हे काम उन्हात करत नाही, सावली धरतो. उन्हात लाल रंग फसवतो. मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायची. पाठ बाहेर, लालच. धार फुसकन विझते आणि काचेसारखी कडक होते. ती तशीच ठेवली तर पहिल्याच खड्याला खांड पडेल. म्हणून पाते बाहेर काढून विटेच्या तुकड्याने थोडी जागा पांढरी करायची आणि बघत राहायचे. पाठीतली उरलेली आच धारेकडे सरकू लागते आणि त्या पांढऱ्या जागेवरून रंग चालत येतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. भाजीच्या सुरीला पिवळ्यावर थांबवले तर चालते. दगडाशी गाठ असलेल्या कोयत्याला जांभळ्याच्या जवळ नेल्याशिवाय सोडू नये. हवा तो रंग धारेवर आला, की पुन्हा पाण्यात. मधे कोणी हाक मारली, पोर रडले, रंग पुढे निघून गेला, की कोयता मऊ पडला.

इथे आणखी एक अडचण आहे. कमानपाट्याचे पोलाद मुळात तेलात विझवण्यासाठी बनवलेले असते. पाणी त्याला फार वेगाने थंड करते आणि वेग जास्त झाला की चीर जाते. काही जण जळके ऑइल वापरतात. पालावर हाताशी असते ते बादलीभर पाणी. म्हणून कोयता घेताना जाणते गिऱ्हाईक मुठीपाशी धरून पात्यावर दगडाने टिचकी मारते. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. ही हमी विकत घेण्याआधीच तपासायची.

म्हणून तक्रारीही ओळखून कराव्या. धार एका बाजूला वळत असेल आणि कानस लोण्यात शिरावी तशी शिरत असेल, तर पाणी कमी पडले, दोष भट्टीचा. मऊ उसातच धारेचे बारीक तुकडे उडत असतील आणि तुटल्या जागी दाणा जाड, साखरेसारखा चमकत असेल, तर पाते जास्त तापले. तोही दोष भट्टीचा. एकाच जागी अर्धचंद्रासारखी खांड आणि बाकी धार शाबूत, तर तिथे दगड होता. गंज चढला, तर पाते ओल्या पाचटात रात्रभर पडले होते. मूठ हलत असेल, तर आधी कधी घेतली ते आठवावे. पावसाळ्यात ओल्या बाभळीची बसवलेली मूठ उन्हाळ्यात आवळून सैल होणारच, हा घडवणाऱ्याचा आळस. पण सैल मूठ रात्री पाण्यात बुडवून सकाळी घट्ट झाली म्हणून खूश होणारा माणूस स्वतःच ती खराब करतो. फुगलेले लाकूड शेंबीखाली दबते आणि सुकल्यावर आधीपेक्षा सैल होते.

सगळ्यात जास्त अन्याय मात्र ग्राइंडरमुळे होतो. गावोगाव वेल्डिंगची दुकाने झाली, तिथे दोन मिनिटांत धार लावून मिळते. चाक सुसाट फिरते, ठिणग्यांचा फवारा उडतो, गिऱ्हाईक समाधानाने बघत राहते. पातळ धार त्या दोन मिनिटांत तीनशे अंशांपलीकडे सहज जाते आणि तिच्यावर निळी झाक येते. तो निळा म्हणजे पाणी उतरल्याची खूण. त्या जागेची धार यापुढे टिकणार नाही; निळा भाग कानशीने झिजवून आतले पोलाद बाहेर काढावे लागते. पण माणूस दुसऱ्या दिवशी बोंब मारतो ती घडवणाऱ्याच्या नावाने. वेल्डिंगवाल्याला कोणी काही म्हणत नाही, कारण त्याने काम डोळ्यांसमोर केलेले असते.

पूर्वी हा हिशेब वेगळ्या प्रकारे मिटत असे. गावचा लोहार बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात गावाची ती सगळी घडी मांडलेली आहे. लोहाराला फाळ पाजवण्याचे, विळ्याला धार काढण्याचे पैसे दर खेपेला मिळत नसत. सुगीला खळ्यावरून धान्य मिळे, आणि त्या बदल्यात वर्षभर हत्यारे चालती ठेवणे त्याच्याकडे असे. घडवणारा आणि दुरुस्त करणारा एकच. त्यामुळे मोडले कोणामुळे हा वाद फारसा पेटत नसे: वाईट घडवले तर पुन्हा पुन्हा भाता त्यालाच ओढावा लागे. आजच्या कुठल्याही वॉरंटीपेक्षा ही व्यवस्था घडवणाऱ्याला जास्त बांधून ठेवणारी होती. मात्र ‘बांधून’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. जात त्याला गावाला बांधे, काम जन्माने येई, आणि खळ्यावर किती पायल्या पदरात पडतील ते देणाऱ्याच्या मनावर असे. ती व्यवस्था परत यावी असे म्हणणाऱ्याने आधी भात्यामागे बसून बघावे.

घिसाडी त्या चौकटीत नव्हताच. तो फिरस्ता. पाल टाकायचे, आठ-पंधरा दिवस ठोकायचे, रोख नाहीतर दाणे घ्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. त्याच्या हमीची मुदत म्हणजे पाल उठेपर्यंत. म्हणून शहाणी माणसे नवा कोयता घेतला की घरी आढ्याला टांगून ठेवत नाहीत. त्याच दिवशी बाभळीच्या फांद्या, ज्वारीची धसकटे, जे मिळेल ते तोडून बघतात. पाण्यातला दोष पहिल्या दोन दिवसांत बहुधा बोलतोच. पाल समोर असेतोवर परत नेले, तर घिसाडी कुरकुर करत का होईना पुन्हा तापवून देतो. त्याच बाजारात पुढच्या वर्षी यायचे असते.

कागदावरचा कायदा इथे फारसा पोचत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर आणि विक्रेत्यावर टाकलेली आहे; पण वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावरचा दावा टिकत नाही. कोयता विकला जातो तोच जाड धारेचा, आणि घेणारा पहिल्या दिवशी कानस लावतो. म्हणजे फेरफाराने सुरुवात.

अलीकडे पुण्या-मुंबईत हातघडणीच्या सुऱ्यांचे शौकीन वाढले आहेत. जपानी धाटणीची सुरी ६० रॉकवेलच्या वर कडक असते, जर्मन घराण्याची साधारण ५६ ते ५८. कडक सुरी जास्त तीक्ष्ण होते आणि हाडावर टेकली की तिची खांड उडते. मऊ सुरी वळते, पण चटकन सरळ होते. आयुष्यभराची वॉरंटी म्हणून मिळणारे सुबक कार्ड उलटून वाचले, तर त्यात खांड, गंज, डिशवॉशर आणि झीज बहुधा वगळलेली असते. उरतो घडणीतला आणि मालातला दोष. पालावरचा माणूस यापेक्षा वेगळे काही सांगत नसतो, फक्त तो इतक्या गोड शब्दांत सांगत नाही.

मालातल्या दोषाचे काय, हा प्रश्न मात्र पालावर जास्त अवघड असतो. भंगारात आलेला पाटा कुठल्या पोलादाचा, हे घिसाड्याला ठिणगीवरून ढोबळ कळते: चांगल्या पोलादाची ठिणगी फुटून तिला फांद्या येतात, मऊ लोखंडाची सरळ लांब जाते. पण तो पाटा दहा वर्षे खड्ड्यांवर वाकून आलेला असतो, आणि वाकण्याच्या थकव्याने पडलेली केसभर चीर त्यात आधीच असू शकते. भट्टीत ती झाकली जाते, ऊस तोडताना उघडते. तिथे ना घडवणाऱ्याची चूक, ना वापरणाऱ्याची, आणि ट्रकवाल्याकडे भरपाई मागायला कोण जाणार? अशा वेळी घासाघीस होते आणि व्यवहार मधेच कुठेतरी तुटतो. मोडका तुकडा घिसाडी ठेवून घेतो, त्याची किंमत नव्या कोयत्यातून वळती करतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याची दोन खुरपी करून पुढ्यात मांडतो.