असईहून निघालेले हत्ती

‘त्या लोकांचा एक कंपू आहे,’ असं आपण ऑफिसात, गल्लीत, साहित्य संमेलनात सर्रास म्हणतो. हा कंपू मुळात फौजेतला. छावणी या अर्थाचा युरोपीय शब्द मराठी तोंडात बसला आणि शिंद्यांच्या कवायती ब्रिगेडींना ‘कंपू’ म्हणू लागले. फ्रेंच, इटालियन, जर्मन, डच अशा नाना देशांतले लोक या कंपूंचे अंमलदार होते. यातले तीन कंपू २३ सप्टेंबर १८०३ रोजी एकाच रणात उभे होते. ते रण आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या असई गावाशी.

असई म्हटलं की वेलिंग्टनचं नाव घेतात. तेव्हा तो इंग्रज फौजेचा ३४ वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, आणि पुढे वॉटर्लू जिंकूनही सगळ्यात चांगली लढाई कुठली, या प्रश्नाला त्याने असईचंच नाव घेतलं. मला मात्र या लढाईत दुसरीच गोष्ट भुरळ घालते. तिचा कुठलाही धागा धरून पुढे जावं, तर टोकाला एखादा गवंडी, ओतारी, चितारी नाही तर मूर्तिकार भेटतो. आणि मधूनमधून हत्ती!

समोरासमोर दोन गावं

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असईचं मैदान आहे. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं की एका काठाला पिंपळगाव आणि बरोबर समोरच्या काठाला वरूड. नदीच्या दोन काठांना दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली असतील, तर त्यांचं येणं-जाणं असणारच, सोयरीकसुद्धा असेल. म्हणजे मध्ये उतार हवाच! तिथेच तो निघाला. कुठल्याही मराठवाडी आजीने नकाशाशिवाय हेच सांगितलं असतं.

उतार सुखाचा नव्हता. मराठ्यांच्या तोफेच्या एका गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकंच उडालं. त्या दिवसात वेलस्लीचे दोन घोडे गेले: एक गोळी लागून मेला आणि दुसऱ्याला, डायोमेड नावाच्या करड्या अरबीला, भाला लागला. डायोमेड जगला.

गोलंदाज

असईचा खरा नायक म्हणजे शिंद्यांचा गोलंदाज, असं मी ठामपणे म्हणते. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्याकडे शंभरावर तोफा होत्या, इंग्रजांकडे वीससुद्धा नव्हत्या. गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत टिकले. इंग्रजांची रांग संगिनी रोखून त्यांच्या अंगावरून पुढे गेली, तेव्हा कित्येक जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले. रांग पुढे सरकताच ते उठले, तोफा फिरवल्या आणि तिच्या पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला एक पलटण आणि घोडदळ घेऊन मागे यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या.

इंग्रजांचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. असई गावाच्या तोफखान्यासमोर चुकून जाऊन पडलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची तर चाळण झाली. लढाईनंतर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या पाहून ते थक्क झाले, कारण पितळी तोफा त्यांच्या स्वतःच्या तोफांच्या तोडीच्या होत्या. महादजी शिंद्यांच्या काळापासून आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतवून घेत असे. त्याचं नाव इतिहासाने नोंदवलं. साचे बांधणाऱ्या, भट्टी राखणाऱ्या आणि ओतकाम घासून लख्ख करणाऱ्या आपल्या कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

‘लख्ख’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तेव्हा तोफ दिसावी, दिसून धडकी भरावी, अशीच रीत होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी ती पार उलटली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच लष्कराने तोफा लपवायला चक्क चित्रकारांची तुकडी उभी केली. गिरां द सेव्होला हा चित्रकार तिचा प्रमुख, आणि बिल्ल्यावर सरडा! आंद्रे मार हा चित्रकार आणि सजावटकार त्याच कामावर होता. तोफेवर रंगाचे तुकडे असे फासायचे की तिचा आकारच डोळ्याला सापडू नये, आणि क्यूबिस्ट चित्रकारांच्या हाताला ती सवय होतीच. आघाडीवर त्याने जलरंगांनी वह्या भरल्या. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, लुई स्यू या वास्तुकार-चित्रकाराबरोबर त्याने घरं सजवण्याची कंपनी काढली आणि तिचं सामान पॅरिसभर गाजलं.

तीन कंपू, दोन इमारती

असईला मुख्य कंपू होता हानोव्हरच्या पोलमानचा. दुसरा सरधन्याच्या बेगम समरूचा. ती स्वतः रणात नव्हती, तिच्या वतीने सालेर हा फ्रेंच अंमलदार होता. तिसरा ड्यूपाँ या डच माणसाच्या हाताखालचा. त्या पलटणी फिलोज घराण्याच्या.

बेगमेच्या बहुतेक पलटणी सामानसुमानाच्या राखणीला होत्या, त्यामुळे त्या बऱ्याचशा धडपणे घरी परतल्या. याच बेगमेच्या फौजेत पुढे रेजेलिनी नावाचा इटालियन अंमलदार होता. त्याने सरधन्यात तिच्यासाठी भव्य चर्च बांधलं. मेरठजवळच्या या गावी आजही जत्रा भरते.

फिलोजांची गोष्ट आणखी रंगतदार आहे. घराण्याचा मूळ पुरुष मिकेल नेपल्सचा. मायदेशी तो खेचरं हाकायचा असं सांगतात. त्याच्या घराण्यातला सर मायकेल फिलोज ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांचा वास्तुकार झाला आणि १८७४ साली त्याने जयविलास महाल उभा केला. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती. छत पेलेल का? उतरण बांधून आठ-दहा हत्ती छतावर चढवले आणि ते हलले नाहीत, तेव्हाच झुंबरं वर गेली, अशी ग्वाल्हेरची ख्यात आहे. असईला लढलेल्या पलटणींच्या घराण्यातला वंशज हत्तींना छतावर उभं करून गणित सोडवतो, हे मला विलक्षण वाटतं.

बिनबुडाचे चौघे

या सगळ्या कंपूंचा आद्य गुरू डी बॉयन. महादजींसाठी त्याने १७८४ पासून कवायती फौज उभारली आणि असईच्या सात-आठ वर्षं आधीच तो युरोपला परतला. त्याचं गाव शाँबेरी, आज फ्रान्समध्ये. हिंदुस्थानात कमावलेला पैसा त्याने गावावर उधळला: दवाखाने झाले, रस्ते झाले. गावाने १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ कारंजं बांधलं. त्याच्या बुंध्यातून चार दिशांना चार हत्ती बाहेर आलेत, पण फक्त पुढच्या अर्ध्या अंगाचे. मागचं अंग शिल्पकाराने घडवलंच नाही. गावकरी लाडाने त्यांना ‘बिनबुडाचे चौघे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

हिंदुस्थानात डी बॉयनचा धंद्यातला भागीदार होता क्लॉड मार्टिन. लिऑंचा हा फ्रेंच शिपाई पुढे इंग्रजांकडे गेला, लखनौला स्थिरावला, आणि तोफा ओतल्या तशाच इमारतीही उठवल्या. त्याने १७८६ साली ओतवलेली तोफ आजही त्याच्याच ‘कॉन्स्टन्शिया’ वाड्यासमोर आहे. तोफ आणि वाडा, दोन्ही एकाच डोक्यातून!

जिंकणाऱ्यांनीही हत्तीच घेतला. असईला लढलेल्या इंग्रज पलटणींना बिल्ल्यावर ‘असईचा हत्ती’ मिळाला, आणि आजच्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो अजून आहे. भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव त्या हत्तीला असं कायमचं चिकटलंय.

जखमी आणि रंगवलेल्या भिंती

लढाईनंतर जखमींचं काय करायचं? दौलताबादच्या किल्लेदाराने दार उघडलं नाही, म्हणून त्यांना उत्तरेला अजिंठा गावात नेलं. तिथे ते पडून होते आणि खाली घाट उतरला की वाघोरा नदीच्या वळणावर लेणी होती. भिंतींवर पद्मपाणी, झुलणारी राजकन्या, आणि पुन्हा हत्ती! पण त्या फौजेतल्या कुणी ती पाहिल्याची नोंद नाही. आणखी सोळा वर्षांनी, १८१९ च्या एप्रिलमध्ये, जॉन स्मिथ या अंमलदाराने दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरलं, तेव्हा युरोपला त्यांची खबर लागली.

मग १८४४ साली मद्रास फौजेचा रॉबर्ट गिल आला. हा शिपाई आणि चित्रकार, दोन्ही. त्याने वर्षानुवर्षं त्या भिंतींच्या तैलरंगी नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. त्याने पुन्हा काम हातात घेतलं. गिल आणि त्याची प्रेयसी पारू यांची गोष्ट ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेमुळे मराठी घराघरांत पोहोचली आहे, म्हणून इथे फार सांगत नाही.

वीतभर हस्तिदंत

शेवटचा हत्ती सगळ्यात जुना. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळची ही बाजारपेठ, आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथले लोक आहेत. १९७० च्या दशकातल्या उत्खननात इथे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत १९३८ साली पाँपेईच्या राखेतून निघाली होती. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी, पायांत वाळ्यांचा ढीग, कमरेला मेखला, आणि डोक्यात वरून आत गेलेलं एक भोक, बहुधा आरशाची मूठ किंवा सामानाचा पाय म्हणून वापरण्यासाठी. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. भोकरदनची मूर्ती पाहून काही अभ्यासकांनी म्हटलं की पाँपेईची मूर्तीही भोकरदनच्याच कारागिराच्या हातची असावी.

ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पुढे शिंद्यांच्या चाकरीत आलेला मिकेल फिलोज मूळचा त्याच नेपल्सचा.