कोरी बॅट, रंगलेली बॅट

खेळाडूच्या हातून गेलेली वस्तू पुढे नुसती वस्तू राहत नाही, ती आठवण होते. आणि आठवणीला मोल देणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने ज्या बॅटने विजयी षटकार मारला, ती बॅट त्याच वर्षी जुलै महिन्यात लंडनमधील एका धर्मादाय मेजवानीत 1 लाख पौंडांना विकली गेली. 2020 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील वणव्यांनी होरपळलेल्यांसाठी शेन वॉर्नने आपली हिरवी कसोटी टोपी लिलावात ठेवली, तेव्हा तिला 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक किंमत आली. त्यात लाकडाची किंवा कापडाची किंमत ती किती? बाकीचे सारे मोल लोकांच्या जिव्हाळ्याचे!

आमच्या बेळगावात धोनीची बॅट कोठून येणार? येथे मिळते ती मैदानावर झिजलेली, कडा उडालेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली बॅट. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी अशाच बॅटी जमवायला सुरुवात केली. आपले नाव छापू नये, ही त्यांची अट असल्याने मी त्यांना येथे केवळ ‘सर’ म्हणतो. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या कलागुरूंनी ज्या गावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, त्या गावात हात चालवणारा माणूस निवृत्त झाला तरी स्वस्थ बसत नाही. एके दिवशी सर दवाखान्यात आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, अकरा बॅटी झाल्या आहेत. त्यांवर मी चित्रे काढणार. विकून जे येईल ते व्यसनातून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी. ते कसे खर्च करायचे, हे तुम्ही डॉक्टरमंडळींनी सांगायचे.”

बॅटच का, असे मी विचारले. त्यांनी दिलेले उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले. नवी बॅट टिकावी म्हणून तिला जवसाचे तेल पाजतात. तैलरंगात रंगकण ज्या माध्यमात खलतात, तेही जवसाचेच तेल. “एकच तेल लाकडाला जपते आणि रंगालाही धरून ठेवते. मग दोघांची सोयरीक जुळायला काय हरकत आहे?” सर हसत म्हणाले.

काम मात्र दिसते तितके सोपे नाही. जुना स्टिकर सोडवावा लागतो, त्याखालचा चिकटा काढावा लागतो, लाकूड पॉलिश कागदाने घासून, अस्तर देऊन मगच रंग लावता येतो. हे घासण्याचे काम सरांनी उपचार घेऊन घरी परतलेल्या चार-पाच तरुणांकडे सोपवले. त्यांतील एक एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज माझाच रुग्ण. गुटख्याने त्याच्या तोंडातील अस्तर इतके ताठरले होते की जबड्यात दोन बोटे मोठ्या कष्टाने शिरत. हा विकार कर्करोगाच्या आधीची पायरी ठरू शकतो, हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना सांगणे नलगे. गुटखा सोडल्यावर विकाराची वाढ थोपवता येते, पण ताठरलेले तोंड पूर्ववत क्वचितच होते. हा मुलगा मान खाली घालून तासन्‌तास लाकूड घाशी. हात गुंतलेला असला की तलफेची लाट बरीचशी ओसरून जाते, हे त्याने माझ्या सांगण्याआधी स्वतःच ओळखले होते.

कला आणि व्यसनमुक्ती यांचे हे नाते मराठी माणसाला नवे नाही. डॉ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’च्या विळख्याविषयीचे लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी 1 लाख रुपये देऊ केले. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. मानसोपचाराच्या बाजूने त्याची घडी बसवली ती डॉ. अनिता अवचट यांनी. तेथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. औषधोपचाराच्या जोडीला समुपदेशन, व्यायाम, योग आणि संगीत यांना दिनक्रमात स्थान असते. स्वतः अवचट बासरी वाजवत, चित्रे काढत, कागदाच्या घड्यांतून पक्षी उभे करीत, लाकडात शिल्पे कोरीत. 1997 मध्ये अनिताताई गेल्या, 2022 मध्ये अवचट गेले. संस्थेचे काम थांबले नाही. रसिकांनी लेखकाला आणि कलावंताला जे भरभरून दिले, ते एका कलाप्रेमी दाम्पत्याने अशा मुलांकडे वळवले, की ज्यांच्यासाठी समाज सहसा खिशात हात घालत नाही.

आमच्या सरांच्या उपक्रमात कसोटीचा प्रसंग आला तो मध्यावर. एका हितचिंतकाने एका नामवंत क्रिकेटपटूच्या सहीची कोरी करकरीत बॅट देऊ केली. उरलेल्या दहा-अकरा बॅटींना मिळून जे मिळेल, त्याहून अधिक तिच्या एकटीला मिळाले असते. अडचण एवढीच, की ज्यांची सही होती ते गृहस्थ दूरदर्शनच्या पडद्यावर वेलचीच्या नावाखाली एका पानमसाल्याचे नाव घरोघर पोहोचवत होते. आमच्यात दोन मते पडली. पैसा कोठून आला यापेक्षा तो कोठे जातो हे पाहावे, असे काहींचे म्हणणे. आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते, कारण निधी खरोखरच अपुरा होता.

या वादात मला जुन्या काळाची आठवण झाली. 1996 चा विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला. आपल्या संघाच्या छातीवरही तेच नाव झळके. त्या कंपनीने 2001 मध्ये क्रिकेटचे प्रायोजकत्व सोडले आणि 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींना व प्रायोजकत्वाला बंदी केली. परंतु त्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे 523 धावा करणाऱ्या सचिन तेंडुलकरच्या बॅटवर कोणाचेही नाव नव्हते. सचिनने 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वच्छ मुख अभियानाच्या वेळी यामागचे कारण सांगितले. त्या काळी सिगारेट कंपन्यांच्या स्टिकरसाठी त्याच्याकडे विचारणा झाली होती; परंतु तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. एका मराठी कवीच्या शब्दाखातर जगातील सर्वांत महागडी जागा ठरू शकणारी ती फळी कोरी राहिली! माझ्या मते भारतीय क्रिकेटमधील सर्वांत बोलकी बॅट तीच.

हे सारे मी बैठकीत मांडले. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “माझी पोरे स्टिकर सोडवून सोडवून बोटे सोलून घेत आहेत. त्यांच्यासमोर मी ही बॅट कशी रंगवू? हिचा स्टिकर लाकडावर नाही, सहीतच आहे.” बॅट आदरपूर्वक परत गेली. हितचिंतकांना वाईट वाटले. पुढे त्यांनी आपल्या शाळकरी दिवसांतील जुनी बॅट आणून दिली. तिच्यावर सरांनी पावसाळी किल्ल्याचा खंदक रंगवला आहे.

आता पैशाच्या विनियोगाविषयी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केंद्र शासनासाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्यसेवन करतात, आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. दाखल करून घेतलेला उपचार तर 180 मध्ये एकाला. त्याच पाहणीत 10 ते 17 या वयोगटात हुंगण्याच्या द्रव्यांचे सेवन 1.17 टक्के, तर प्रौढांत 0.58 टक्के आढळले. म्हणजे या एका बाबतीत मुले थोरांच्या दुप्पट पुढे आहेत. विवेक आणि संयम यांची सूत्रे सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे या वयातील सवय खोल रुजते. परंतु याच वयात वेळीच हात मिळाला, तर पुढचे सारे आयुष्य हाती लागते.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना पुनःपुन्हा सांगावी लागते. व्यसनाधीनता हा मधुमेह, दमा, रक्तदाब यांसारखाच दीर्घकाळचा आजार आहे. घसरण झाली म्हणजे उपचार वाया गेला, असे नव्हे. रक्तदाबाचा रुग्ण गोळ्या सोडून पुन्हा आला, तर आपण त्याला निर्लज्ज म्हणत नाही; त्याची मात्रा पाहतो. मग या मुलालाच तेवढी वेगळी वागणूक का? खरी गळती होते ती केंद्रातून घरी परतल्यानंतरच्या महिन्यांत. खेड्यावरून येणाऱ्या मुलाजवळ फेरतपासणीसाठी बसचे भाडे नसते, रोजंदारी बुडते, आणि जुने सोबती मात्र पारावर हजर असतात. म्हणून आम्ही ठरवले, की बॅटींचा पैसा इमारतीसाठी किंवा फलकासाठी वापरायचा नाही. तो जाईल फेरतपासणीच्या प्रवासखर्चाला, समुपदेशकाच्या मानधनाला आणि संध्याकाळी पाच ते सात या घातवेळी मुलांना मैदानावर गुंतवून ठेवण्याला.

सर्व बॅटी अजून विकल्या गेलेल्या नाहीत. ज्यांना घ्यायच्या असतील त्यांनी जरूर घ्याव्यात. परंतु समव्यवसायी मित्रांना माझी विनंती निराळी आहे. आपल्यासमोर कोणत्याही तक्रारीसाठी बसलेल्या प्रत्येक तरुणाला, त्याचे पालक बाहेर थांबले असताना, तंबाखू आणि दारूविषयी एक साधा प्रश्न विचारावा. तोंड उघडायला सांगून तीन बोटे जातात का ते पाहावे. आणि उत्तर काहीही आले, तरी आवाज चढवू नये. त्याला फारतर दोन मिनिटे लागतात. तो एकोणीस वर्षांचा गोलंदाज अजून दर पंधरवड्याला येतो. मध्यंतरी एकदा घसरला, पण स्वतःहून सांगायला आला. आता तो बाराव्या बॅटीचे लाकूड घासत आहे.