सिलिकॉन कार्बाइड जळून का जात नाही?

कोळशाचा तुकडा भट्टीत टाकला, की थोड्या वेळाने त्याची राख उरते. सिलिकॉन कार्बाइड या पदार्थात वजनाने सुमारे ३० टक्के कार्बनच असतो. तरीही त्याच्या कांड्या विजेच्या भट्टीत बसवतात आणि त्या १४०० अंश सेल्सियसच्या आसपास, उघड्या हवेत, दीर्घकाळ तापत राहतात. मग त्यांतला कार्बन जळून का जात नाही?

हा पदार्थ आपल्या ओळखीचाच आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांना चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापवताना तो मिळाला. त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. धार लावण्याच्या दगडाला आपण आजही याच नावाने ओळखतो.

आता प्रश्नाचे उत्तर. सिलिकॉन कार्बाइड जळतो! पण जळता जळताच तो स्वतःवर झाकण घालतो.

२ सिलिकॉन कार्बाइड + ३ ऑक्सिजन → २ सिलिका + २ कार्बन मोनॉक्साइड

कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघून जातो. सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, मात्र पृष्ठभागावरच राहते. जेवढा कार्बाइड खर्च होतो, त्याच्या दुपटीहून थोडी अधिक जागा ही सिलिका व्यापते. त्यामुळे पृष्ठभाग सलग झाकला जातो. लोखंडावरचा गंज सच्छिद्र असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. सिलिकेचा थर घट्ट चिकटून बसतो व त्यातून ऑक्सिजन फार सावकाश झिरपतो.

थर जाड होत जातो तसा ऑक्सिजनचा मार्ग लांबतो आणि थराची वाढ मंदावते. समजा, १ मायक्रॉन थर बनायला १०० तास लागले; तर तो २ मायक्रॉन व्हायला एकूण ४०० आणि ३ मायक्रॉन व्हायला ९०० तास लागतील. म्हणजे जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. गणिताच्या तासालाही हे उदाहरण चालेल.

परंतु हे संरक्षण बिनशर्त नाही. ऑक्सिजन फारच विरळ असेल, तर घन सिलिकेऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. मग झाकण बनतच नाही आणि पदार्थ झिजत जातो. सिलिका सुमारे १७०० अंशांना वितळते, तीही एक मर्यादाच. तिसरी अडचण वाफेची. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. अतितप्त, दाबाखालच्या वाफेशी सिलिकेची क्रिया होऊन वायुरूप सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनते व वेगवान झोतासोबत ते वाहून जाते. एकीकडे थर बनतो, दुसरीकडे उडून जातो.

विमानाच्या जेट इंजिनात नेमकी हीच परिस्थिती असते. २०१६ साली प्रवासी विमानांच्या सेवेत आलेल्या ‘लीप’ इंजिनात, टर्बाइनच्या पात्यांभोवतीच्या कड्यात सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी बळकट केलेले सिरॅमिक वापरले आहे. अशा भागांवर वाफेला दाद न देणारा वेगळा लेप चढवावा लागतो.

वर्गात लोखंडी खिळा आणि ॲल्युमिनियमचे भांडे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारावे, की यांतले कोण ऑक्सिजनशी अधिक जोमाने संयोग पावते? उत्तर ‘ॲल्युमिनियम’ असे आहे. तरी टिकते तेच. कारण त्याच्यावरही असेच पातळ, घट्ट झाकण असते. पदार्थ टिकेल की नाही, हे तो ऑक्सिजनशी संयोग पावतो की नाही यापेक्षा, त्या संयोगातून मागे काय उरते यावर अनेकदा ठरते.