दुकानाचा ब्लॉग : लिहायचं काय, आणि तो नक्की कुणाच्या नावावर आहे?

या आठवड्याच्या व्हिडिओत ब्लॉगचा विषय मी दहा मिनिटांत उरकला. पण बॅचमध्ये त्यावर इतके प्रश्न येतात की म्हटलं, इथे जरा सविस्तर लिहावं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, इन्स्टा आहे, व्हॉट्सॲप आहे. मग ब्लॉग कशाला?" कारण व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं आणि इन्स्टाची पोस्ट दोन दिवसांत खाली सरकते. शिवाय ती जागा आपली नाही, आपण तिथे भाडेकरू. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा फक्त तिथेच धंदा उभा केलेल्यांचे सगळे फॉलोअर एका रात्रीत गेले. गूगल बिझनेस प्रोफाइलवर फुकट वेबसाइट बनवून मिळायची, आठवतं? मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापलेला होता.

म्हणजे इन्स्टा सोडा असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज वापरतो. पण जे ज्ञान विकायला मदत करतं, ते आपल्या जागेवर लिहून ठेवा आणि बाकी सगळीकडून लोकांना तिथे आणा.

आता लिहायचं काय? इथेच लोक अडकतात. "आमचा ३० वर्षांचा अनुभव, उत्तम सेवा, वाजवी दर" असं काहीतरी लिहितात. अहो, हे कोण शोधतंय? कुणीही गूगलवर "वाजवी दर" असं टाइप करत नाही. लोक अडचण टाइप करतात.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. काउंटरवर रोज हेच प्रश्न : लोखंडी तवा गंजला, काय करू? हे पातेलं इंडक्शनवर चालेल का? पितळेला कल्हई किती दिवसांनी लावायची? यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक लेख. म्हणून माझा पहिला गृहपाठ असा : काउंटरवर एक वही ठेवा आणि आठवडाभर गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. आपल्या धंद्याच्या भाषेत नाही. आपण "इंडक्शन बेस" म्हणतो, काकू म्हणतात "शेगडीवर चालणारं". लेखाच्या शीर्षकात काकूंचा शब्द आला पाहिजे, कारण मोबाइलला बोलून विचारताना त्या तोच वापरणार.

मग उत्तर. गोल गोल प्रस्तावना नको, पहिल्या दोन ओळींत उत्तर द्या. इंडक्शनचं उत्तर काय? भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर बहुतेक चालेल. साधं ॲल्युमिनियम किंवा तांबं असेल तर चालणार नाही. झालं! मग खाली बाकीचं सांगा : बूड सपाट का हवं, जुन्या कुकरचं काय करायचं, वगैरे.

कल्हईचं जरा वेगळं आहे, तिथे खोलात जायला वाव आहे. आंबट पदार्थ पितळेत, तांब्यात का ठेवू नयेत, कल्हई म्हणजे कथिलाचा थर कसा असतो, आतून पिवळं किंवा तांबूस दिसायला लागलं की भांडं परत द्यायची वेळ झाली, हे सगळं येतं. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही. ही एक ओळ वाचून गिऱ्हाइकाला कळतं की या माणसाला धंदा माहीत आहे. फोटो आपल्याच दुकानातले टाका, मोबाइलवरचे चालतात. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लगेच ओळखू येतो.

आणि किंमत लिहा. हो, लिहाच. इथे सगळे दचकतात : "समोरच्या दुकानदाराला रेट कळेल ना!" त्याला तो कळलेलाच आहे, त्याचा माणूस कधीच विचारून गेलाय. पक्का आकडा सांगता येत नसेल तर कमीत कमी ते जास्तीत जास्त असं लिहा आणि फरक कशाने पडतो ते सांगा. लहान पातेल्याचा रेट वेगळा, हंड्याचा वेगळा. अमेरिकेत व्हर्जिनियात मार्कस शेरिडन यांची पोहण्याचे तलाव बांधणारी कंपनी आहे, रिव्हर पूल्स. २००८ च्या मंदीत ती बुडायला आली होती. त्यांनी गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला घेतली आणि त्यातला एक लेख होता फायबरग्लासच्या तलावाला किती खर्च येतो यावर. तेव्हा त्या धंद्यात हे उघड कोणी लिहीत नव्हतं. त्या लेखाने त्यांना गिऱ्हाइकं आणून दिली, कंपनी तरली.

पण सगळ्यांनाच ब्लॉग लागतो असंही नाही. वडापावची गाडी किंवा कोपऱ्यावरचं किराणा दुकान असेल तर गूगल मॅपवर नीट नोंद, बरोबर वेळ आणि चांगले फोटो पुरे आहेत. जिथे गिऱ्हाईक घेण्याआधी विचार करतं तिथे ब्लॉग कामाचा : फर्निचर, शिलाई, नर्सरी, क्लासेस, सोलर, केटरिंग.

कुठे बनवायचा? ब्लॉगर फुकट आहे, वर्डप्रेस डॉट कॉमवरही फुकट सुरुवात होते. डिझाइनवर महिना घालवू नका. मात्र स्वतःचं डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा पत्ता, शक्यतो पहिल्याच दिवशी घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च. पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल कितीला पडतं ते आधी बघा.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर यायला हवा. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली आणि चार वर्षांचं लिखाण गेलं. दुकानाचं शटर दुसऱ्याच्या कुलपाने बंद करतो का आपण? पासवर्ड आजच मागून घ्या.

किती लिहायचं? महिन्याला दोन लेख पुष्कळ झाले. चॅटजीपीटीला सांगून एका दिवसात पन्नास लेख चढवणारेही भेटतात मला. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मालाविरुद्ध नियम कडक केले आहेत. आणि ते सोडा, त्या पन्नास लेखांत तुमच्या गावाचं पाणी किती क्षारयुक्त आहे आणि त्याने भांड्यावर डाग कसे पडतात, हे नसतं. ते तुम्हालाच माहीत. शुद्धलेखन मात्र एकदा कुणाकडून तरी बघून घ्या.

गूगलवर वर यायला महिने लागतात. तोपर्यंत लेखाचा उपयोग नाही असं समजू नका. व्हॉट्सॲपवर कुणी "कल्हई कशी असते?" विचारलं की लिंक पाठवा. दहा मिनिटांचं टाइपिंग वाचलं आणि समोरच्याला पूर्ण उत्तर मिळालं. किती लोक आले हे बघायला गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, कोणते शब्द टाइप करून लोक पोचले तेही त्यात दिसतं. त्याहून सोपं म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला विचारा, "आमचा पत्ता कुठून मिळाला?" आणि त्याच वहीत लिहून ठेवा.

रेट बदलले की जुना लेख उघडून आकडा बदला आणि वर तारीख टाका. पुढच्या व्हिडिओत ब्लॉगरवर डोमेन जोडणं स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत वहीत निदान दहा प्रश्न जमवून ठेवा.