बुडालेल्या जहाजातले टपाल आणि माळ्यावरची ट्रंक

दिवाळीपूर्वीची आवराआवर निघाली की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात जुने सातबारे असतात, सोसायटीच्या पावत्या असतात, लग्नपत्रिका असतात आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. घरातले कोणी फौजेत होते, त्यांची ती पत्रे. आता वाचणारे कोणी नाही, म्हणून गठ्ठा रद्दीत जातो. वाचकहो, यंदा तो टाकण्यापूर्वी एवढा मजकूर वाचा.

आमचे घर नागपुरात सक्करदऱ्याला. तलावाकाठी जमणाऱ्या आम्हा पोरांना तिकिटे जमवण्याचे भारी वेड. माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले, ते परत आले नाहीत. त्यांची दहा-बारा पाकिटे ट्रंकेत होती. मी काय केले? तिकिटे असलेली पाकिटे पाण्यात भिजवली, तिकिटे सोडवून वहीत चिकटवली. पाकिटे चुलीत गेली. ज्यांवर तिकीटच नव्हते, ती तर निकामी म्हणून आधीच टाकली.

पुढे एका जुन्या संग्राहकाला मी ती वही मोठ्या ऐटीने दाखवली. तो म्हणाला, “बाबा, ही तिकिटे तर कुठेही मिळतात. तुझे आजोबा कोठे होते हे सांगणारा शिक्का पाकिटावर होता.” धाकटी आजी जन्मभर तेच विचारत राहिली होती. उत्तर आमच्याच घरात होते आणि ते मीच जाळले.

एका जहाजाची हकिकत ऐका. त्याचे नाव ‘गैरसप्पा’. आपण ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणतो, त्याच गावावरून ठेवलेले. मालवाहू जहाज; युद्धात सरकारी कामाला लावलेले. १९४० च्या डिसेंबरात चहा, कच्चे लोखंड, चांदी आणि टपालाच्या थैल्या घेऊन ते कलकत्त्याहून विलायतेला निघाले. वाटेत कोळसा कमी पडू लागला, म्हणून ताफा सोडून ते एकटेच आयर्लंडच्या किनाऱ्याकडे वळले. १७ फेब्रुवारी १९४१ च्या सुमारास जर्मन पाणबुडीने ते बुडवले. पंच्याऐंशीच्या आसपास माणसे गेली. त्यांत आपल्याकडचे खलाशी पुष्कळ होते. तेरा दिवस होडीत काढून एकच अधिकारी जिवंत किनाऱ्याला लागला.

सत्तर वर्षांनी, २०११ मध्ये, सुमारे ४,७०० मीटर खोल पाण्यात ते जहाज सापडले. लोक चांदी काढायला गेले होते, ती निघालीच. पण सोबत सातशेहून अधिक पत्रेही निघाली! थैल्या एकमेकींखाली घट्ट दबलेल्या. तेथे ना उजेड, ना वारा. म्हणून कागद टिकला. तज्ज्ञांनी ती पत्रे जपून सुकवली, सोडवली. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. मुलीने लग्नाला होकार दिला म्हणून हरखलेल्या एका सैनिकाचे उत्तर त्यांत होते. ते वेळेवर पोचलेच नाही.

समुद्राने जे राखले, ते आपण चुलीत घालावे काय?

आता पाकिटावर काय पाहायचे ते सांगतो. लढाईच्या काळात फौजेच्या डाकघराच्या शिक्क्यात गावाचे नाव नसे. फक्त ‘एफपीओ’ ही अक्षरे, क्रमांक आणि तारीख. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून ही युक्ती. अमेरिकेच्या आरमारातील मालवाहू जहाजांवरही स्वतःची डाकघरे असत; युद्ध सुरू होताच त्यांच्या शिक्क्यातून जहाजाचे नाव काढून टाकले गेले. आज संग्राहकांनी क्रमांकांच्या याद्या केल्या आहेत. क्रमांक आणि तारीख जुळवली की पलटण तेव्हा कोठे होती याचा माग पुष्कळदा लागतो. पत्र तपासणाऱ्या सेन्सॉरचा शिक्काही पाहा. तिकीट नसणे हा दोष नव्हे. रणभूमीवरच्या शिपायाला टपालात सवलत असे. ‘मार्फत ५६ एपीओ’ हा पत्ता तर फौजी घरांना पाठच असतो. तो याच व्यवस्थेतला. या लष्करी डाकसेवेचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ, कामठीलाच आहे.

जपणुकीला खर्च नाही. तिकीट सोडवू नका. पाकीट आणि आतले पत्र एकत्र ठेवा. सुतळी, टाचणी, रबर काढा. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका, डिंक लावू नका, प्लास्टिकात पक्के बंद करून घेऊ नका. कोऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेवून डबा कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. भिंतीला ओल असेल तर तेथे नको. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर, वाळवी पाहा. पण उन्हात पसरू नका, शाई उडते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे: घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पत्र कोणाचे, कोणाला, तेव्हा घरी काय चालले होते, ते विचारून वेगळ्या कागदावर लिहा. शिक्का ठिकाण सांगेल, माणूस सांगणार नाही. ते सांगणारी माणसे ट्रंकेत ठेवता येत नाहीत.