मैदानावरचा प्रेक्षक आणि घरचा शौकीन

परभणीतील एखाद्या घरी मध्यरात्र उलटून गेली तरी दिवा जळत असतो. घरातील तरुण मंडळी परदेशात चाललेला फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर पाहत बसलेली असतात. ज्या संघासाठी ती इतका जीव टाकतात, त्याचे मैदान त्यांनी कधी पाहिलेले नसते. पाहण्याचा योग येईल अशी आशाही नसते. अशा वेळी मुंबईस किंवा कोलकात्यास चार सामने पाहून आलेला एखादा पाहुणा सहज बोलून जातो की, मैदानावर गेल्याखेरीज खेळ कळत नाही. या उद्गारात एक आक्षेप दडलेला आहे. घरी बसून खेळावर लोभ करणारा मनुष्य हा दुय्यम प्रतीचा शौकीन होय, असा त्याचा अर्थ. हा आक्षेप कितपत खरा आहे, ते पाहण्यासारखे आहे.

मोठ्या सामन्यांपासून परभणी जिल्हा नेहमीच दूर राहिलेला आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत पहिली कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. ते लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाची थोरवी ध्यानात येते. संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पुढे भारतीय संघाचेही शिक्षक झाले. आता परभणीच्या शौकिनास हे सामने पाहावयाचे तर मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठावी लागे. तेवढा वेळ आणि पैसा फार थोड्यांजवळ असे. बाकीच्यांना वर्तमानपत्रातील चार ओळींवर समाधान मानावे लागे. त्या ओळी वाचून ज्याचे मन उचंबळून येई, त्याचे प्रेम कूपरेज मैदानावरील प्रेक्षकापेक्षा उणे होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

तथापि पाहुण्याच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. पण त्यात कोणत्याही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू मोजकी मिनिटेच असतो. उरलेला सारा वेळ तो चेंडूवाचून खेळत असतो. कोठे उभे राहावे, कोणास अडवावे, कोणती जागा मोकळी करून द्यावी, हाच त्याचा खरा खेळ. दूरचित्रवाणीचा कॅमेरा बहुधा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हा खेळ पडद्याबाहेर राहतो. मैदानावर बसलेल्याची नजर मोकळी असते. ती हवी तेथे वळविता येते. बचाव करणाऱ्यांची फळी एकदमच पुढे कशी सरकते आणि मागे कशी येते, हे तेथेच नीट दिसते.

नभोवाणीला ही अडचण प्रारंभापासूनच ठाऊक होती. २२ जानेवारी १९२७ रोजी लंडनमध्ये आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचे धावते वर्णन बी.बी.सी.ने प्रथमच प्रक्षेपित केले. त्या वेळी नभोवाणीच्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापून त्याचे आठ चौकोन पाडले होते. वर्णन चालू असता दुसरा एक आवाज चौकोनाचा आकडा सांगे, आणि श्रोता नकाशावर बोट ठेवून चेंडूचा मागोवा घेई. न पाहणाऱ्यासही लक्षपूर्वक पाहावयास लावणारी ही युक्ती होती. मैदानावर बसूनही शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या प्रेक्षकापेक्षा नकाशावर बोट ठेवून बसलेल्या श्रोत्यास खेळ अधिक उमगला असेल, हे नाकारता येणार नाही. जवळीक ही ज्ञानाची सोय आहे; पण सोय आणि ज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रेक्षकाच्या हजेरीचे दुसरे एक फळ मात्र घरच्या शौकिनास कधीच देता येत नाही. हजर असलेला समुदाय खेळावर प्रत्यक्ष परिणाम करतो. २००२ मध्ये इंग्लंडातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूलच्या मैदानावरील एका सामन्यातील ४७ झटापटींचे चित्रण ४० अनुभवी पंचांना दाखविण्यात आले. काहींना ते प्रेक्षकांच्या गलक्यासह दाखविले, काहींना निःशब्द. ज्यांच्या कानी गलका पडत होता त्यांनी यजमान संघाचे अपराध सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरले. पुढे २०२० मध्ये महामारीमुळे युरोपातील सामने रिकाम्या प्रेक्षागारांत खेळावे लागले, तेव्हा घरच्या मैदानाचा लाभ घटल्याचे आणि पाहुण्या संघावरील पंचांची कठोरता कमी झाल्याचे आढळून आले. प्रेक्षकास बारावा खेळाडू म्हणतात ते अगदीच अलंकारिक नाही. पण हा बारावा खेळाडू पंचाच्या न्यायबुद्धीवरही दडपण आणतो, हे विसरता कामा नये.

येथेच हजेरीची दुसरी बाजू दिसू लागते. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठापेठांचा अभिमान आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींच्या नावाचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे त्या त्या पेठेची माणसे तेथे लोटतात. आपल्या गल्लीतील मुलासाठी गर्दी करणारे असे शहर महाराष्ट्रात विरळा. पण समर्थकांतील हाणामारीचे प्रसंगही त्याच मैदानाने पाहिले आहेत. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळून १६ प्रेक्षकांचे प्राण गेले. सामन्यास आले होते ते सर्व खेळाचे चाहतेच. हजेरीने प्रेम सिद्ध होत असते, तर त्या दिवशी सोळा घरांवर कुऱ्हाड कोसळली नसती.

याहून बोलका दाखला जकार्ताचा. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारला. त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, म्हणून तेथील जनमत भारतावर खवळले होते. ४ सप्टेंबर रोजी रहीम यांचा संघ दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना खेळला, तेव्हा प्रचंड जनसमुदाय त्याची हुर्यो उडवीत होता. भारताने २-१ अशी बाजी मारून सुवर्णपदक मिळविले. त्या सायंकाळी जे जवळ होते त्यांतील बहुतेक विरोधात होते. ज्यांना तो विजय आपला वाटला ते समुद्रापलीकडे, आपापल्या घरी होते.

शिवाय मैदानावर जाणे हे सर्वांच्या हाती नसते. कोणास तिकिटाचे पैसे परवडत नाहीत, कोणास रजा मिळत नाही, कोणी अंथरुणास खिळलेले असते. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर स्त्रियांना पुरुषांच्या सामन्यांस प्रवेश जवळजवळ बंदच झाला. १० ऑक्टोबर २०१९ रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियमवर कंबोडियाविरुद्धच्या सामन्यास सुमारे ३,५०० स्त्रियांना तिकिटे घेऊन बसता आले. मधल्या चाळीस वर्षांत ज्या स्त्रियांनी दाराबाहेर राहून आपल्या संघाचा ध्यास घेतला, त्यांस दुय्यम शौकीन कोण म्हणेल? आणि मैदानावर जाण्यास काही मोल नसते, तर त्यांनी त्या दारासाठी एवढा आग्रह तरी का धरला असता?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली म्हणजे वादाचा उलगडा होतो. हजेरी हे प्रेमाचे माप नव्हे. ती खेळास दिलेली एक भेट आहे. जो देऊ शकत नाही त्याच्याकडे दोष नाही. जो सहज देऊ शकतो आणि देत नाही, त्याने मात्र स्वतःस प्रश्न विचारावा. परदेशी संघाचे प्रेक्षागार परभणीच्या मनुष्यावाचून ओस पडत नाही. पण परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांची गोष्ट निराळी. तेथे आलेला एकेक माणूस मोजता येतो आणि खेळणाऱ्या मुलांना तो दिसतो.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लक्ष मुलामुलींना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प शासनाने सोडला होता. त्यायोगे मुलांच्या पायाशी चेंडू आला. त्यांचा खेळ पाहावयास वडीलधाऱ्यांनी यावे, हे काम मात्र कोणत्याही शासनास करता येण्यासारखे नाही. रात्री जागून दूरदेशीचा सामना पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सायंकाळी गावच्या मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहावे. तेथे त्यास तितका सुंदर खेळ दिसेल असे नाही. पण चेंडू नसतानाही धावणारा मुलगा त्याच्या दृष्टीस पडेल, आणि आपल्याकडे कोणी पाहत आहे हे त्या मुलास कळेल.