प्लाझ्मानिर्मित कार्बन नॅनोपदार्थांचे वायुसंवेदक

प्लाझ्मानिर्मित कार्बन नॅनोपदार्थांचे वायुसंवेदक ही हवेतील विशिष्ट वायूंचे प्रमाण मोजणारी साधने आहेत. त्यांतील संवेदनशील थर कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन किंवा कार्बन नॅनोभिंती यांसारख्या कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांचा असतो आणि ही रूपे प्लाझ्माच्या साहाय्याने तयार केलेली असतात. प्लाझ्मा म्हणजे अंशतः किंवा पूर्णतः आयनीभूत झालेला वायू. त्याला मराठीत आयनद्रायू असेही म्हणतात. वायूचा रेणू कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटला की थराचा विद्युत रोध बदलतो व त्यावरून वायूचे प्रमाण काढले जाते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्या बाबतीत हे तत्त्व सहज लागू पडते. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड या कोळसा खाणीतील दोन महत्त्वाच्या वायूंना मात्र शुद्ध कार्बन फारसा प्रतिसाद देत नाही.

चंद्रपूर परिसरातील गरज

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व चंद्रपूर जिल्ह्यात ठळकपणे दिसते. वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रातील माजरी, घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, सास्ती इत्यादी ठिकाणच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या अखत्यारीत येतात. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता 2,920 मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील 88 औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते.

येथील वायूंचे स्रोत वेगवेगळे आहेत. भूमिगत खाणीत कोळशाच्या थरांतून मिथेन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. कोळशाचे हवेतील ऑक्सिजनशी संथपणे ऑक्सिडीभवन होऊन तो आपोआप तापतो, तेव्हा धूर किंवा ज्वाळा दिसण्याच्या आधीच कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट बांधला जातो. उघड्या खाणीत सुरुंगाच्या स्फोटानंतर कधीकधी नारिंगी-तपकिरी धूर दिसतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. औष्णिक केंद्राच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे व सल्फर डायऑक्साइड असतात.

भारतातील कोळसा खाणींच्या नियमांनुसार खाणीतील हवेत ज्वालाग्राही वायू 1.25 टक्क्यांहून अधिक झाल्यास वीजपुरवठा बंद करावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दर दहा लाख भागांत 50 भाग इतकी आहे. संवेदकाकडून काय अपेक्षित आहे, हे या दोन आकड्यांतील फरकावरून कळते. 1.25 टक्के म्हणजे दर दहा लाख भागांत 12,500 भाग. त्यामुळे मिथेनसाठी अतिसूक्ष्म संवेदनशीलतेपेक्षा विश्वासार्हता अधिक मोलाची ठरते. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र प्रमाणातील लहानशी वाढही आगीची पूर्वसूचना असू शकते.

निर्मिती

सर्वांत जुनी पद्धत विद्युत प्रज्योतीची, म्हणजेच आर्क विसर्जनाची. हीलियमने कमी दाबावर भरलेल्या कक्षात ग्रॅफाइटचे दोन विद्युतअग्र एकमेकांपासून सुमारे एक मिलिमीटर अंतरावर ठेवून त्यांतून सुमारे 100 अँपिअरचा प्रवाह सोडतात. धनाग्रावरील कार्बनची वाफ होते आणि तिचा काही भाग ऋणाग्रावर साचतो. जपानमधील सुमिओ इजिमा यांनी 1991 साली अशाच साचलेल्या द्रव्यात बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब पाहिल्या. एकभित्ती नॅनोट्यूब 1993 मध्ये मिळाल्या. त्यासाठी ग्रॅफाइटसोबत लोह किंवा कोबाल्टसारखा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो. या पद्धतीत स्फटिकरचना चांगली मिळते, पण सोबत काजळी व धातूचे कणही येतात आणि शुद्धीकरणात बराच माल वाया जातो.

ग्रॅफाइटऐवजी कोळशापासून बनवलेले विद्युतअग्र वापरता येतात, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1991 साली फुलरीन तयार करून दाखवले. वर्धा खोऱ्यातील कोळशात राखेचे प्रमाण मोठे असल्याने तो जसाच्या तसा वापरणे कठीण आहे. आधी राख काढावी लागेल.

संवेदकांसाठी दुसरी पद्धत अधिक सोयीची आहे. तिला प्लाझ्मा-साहाय्यित रासायनिक बाष्प निक्षेपण म्हणतात. मिथेन किंवा ॲसिटिलीन, हायड्रोजन अथवा अमोनियासह कमी दाबाच्या कक्षात सोडून 13.56 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनी किंवा 2.45 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींनी त्याचा प्लाझ्मा करतात. रेणू तोडण्याचे काम वेगवान इलेक्ट्रॉन करत असल्याने तळपृष्ठ फार तापवावे लागत नाही. तळपृष्ठालगतच्या विद्युत क्षेत्रामुळे नॅनोट्यूब उभ्या, शेतातील धाटांसारख्या वाढतात. योग्य परिस्थितीत उत्प्रेरकाविनाही ग्राफीनचे उभे पापुद्रे, म्हणजेच कार्बन नॅनोभिंती, तयार होतात. खाणकामगार ज्या मिथेनला भितात, तोच येथे कच्चा माल आहे.

प्लाझ्माविना, केवळ उष्णतेने होणारे बाष्प निक्षेपणही प्रचलित आहे. मुंबईच्या आयआयटीत कापरापासून नॅनोट्यूब बनवण्याचे काम याच प्रकारचे होते.

संवेदनाची क्रिया

हवेतील अर्धवाहक नॅनोट्यूब सामान्यतः पी-प्रकारच्या असतात, म्हणजे त्यांत विद्युतवहन धन विवरांमार्फत होते. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, विवरे वाढतात आणि रोध घटतो. अमोनियामुळे याच्या उलट घडते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने 2000 साली हे एका नॅनोट्यूबवर दाखवले. दर दहा लाख भागांत 200 भाग नायट्रोजन डायऑक्साइड असताना वाहकता सुमारे हजारपट वाढली, तीही खोलीच्या तापमानाला. ग्राफीनवर तर 2007 साली एकेका रेणूचे चिकटणे-सुटणे नोंदले गेले.

मिथेनचा रेणू सममित व उदासीन असल्याने तो इलेक्ट्रॉन घेतही नाही आणि देतही नाही. त्यामुळे नॅनोट्यूबवर पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवावे लागतात. अशा संवेदकाने दर दहा लाख भागांत 6 ते 100 भाग मिथेन खोलीच्या तापमानाला ओळखता येतो, असे नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील गटाने 2004 साली दाखवले.

येथे प्लाझ्माचा दुसरा उपयोग होतो. तयार नॅनोट्यूबवर ऑक्सिजनचा सौम्य प्लाझ्मा काही काळ सोडला की पृष्ठभागावर दोष निर्माण होतात व हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल यांसारखे गट जोडले जातात. धातूचे कण या जागी नीट रुजतात. प्रक्रिया लांबली तर मात्र नॅनोट्यूबची भिंतच कुरतडली जाते आणि वाहकता जाते.

प्रचलित साधनांशी तुलना व अडचणी

खाणीत मिथेनसाठी मुख्यतः उत्प्रेरकी मणी असलेली मापके वापरली जातात. त्यांतील प्लॅटिनमची तार सुमारे 500 अंश सेल्सिअसला तापलेली असते व मिथेन मण्यावरच जळतो. स्फोटक हवेत तप्त भाग नेायचा असल्याने तो ज्वालारोधक आवरणात ठेवावा लागतो, शिवाय वीज अधिक लागते. कार्बनच्या संवेदकाला तप्त भाग लागत नाही. खाणीच्या दृष्टीने त्याचा खरा फायदा हाच आहे, संवेदनशीलतेचे विक्रम नव्हेत.

अडचणी मात्र गंभीर आहेत. चिकटलेला नायट्रोजन डायऑक्साइड सहज सुटत नाही. शुद्ध नॅनोट्यूब मूळ स्थितीत यायला अनेक तास लागतात, म्हणून ती तापवावी लागते किंवा तिच्यावर अतिनील प्रकाश सोडावा लागतो. पाण्याची वाफही रोध बदलते. चंद्रपुरात उन्हाळ्यात तापमान 45 अंशांच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. तेव्हा वायू नसतानाचा मूळ रोधच ऋतूनुसार सरकत राहतो. भूमिगत खाणीतील हवा तर वर्षभर दमट असते. शिवाय एका वायूचा परिणाम दुसऱ्यासारखाच दिसू शकतो. यावर उपाय म्हणून वेगवेगळी प्रक्रिया केलेल्या अनेक संवेदकांचा संच वापरून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून वायू ओळखतात. अशा संचाला इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतात. आर्द्रता व तापमान मोजणारे संवेदक त्याला सोबत जोडावे लागतात आणि ज्ञात प्रमाणाच्या वायूने त्याचे अंशांकन वेळोवेळी पुन्हा करावे लागते.